भिंतीतल्या तारेवरची बेल

सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अर्धांगाच्या झटक्यातून ते सावरले, पण उजवा हात आणि उजवा पाय पूर्वीसारखे राहिले नाहीत, बोलणंही जड झालं. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की ते खालच्या मजल्यावर आपल्या खोलीतच झोपतील, एकटेच, आणि त्या खोलीत कुणी गादी टाकून पडायचं नाही. आम्ही बाहेर हॉलमध्ये झोपून पाहिलं. तर हा माणूस आम्हाला जाग येऊ नये म्हणून खोकलासुद्धा दाबून ठेवायचा. शेवटी मी आणि नवरा वर आपल्या खोलीत परत गेलो.

हे माझ्या नणंदेला कळलं आणि ती बंगळुरातल्याच के. आर. पुरमहून रिक्षा करून थेट आली. ती नवऱ्याहून मोठी, म्हणून आम्हा दोघांची अक्का. मनात आलं की तोंडावर बोलून मोकळी होणारी बाई. तिनं चप्पल काढता काढताच सुरू केलं, “तुम्ही दोघं वर, ते खाली. पडले तर कळणार कसं? माझ्याकडे लिफ्ट आहे, जनरेटर आहे, मी घरीच असते. मी नेते त्यांना.” यात चुकीचं काहीच नव्हतं. पण अण्णांनी हे ऐकून भिंतीकडे तोंड केलं. हे घर त्यांनी टेलिफोनच्या कारखान्यातल्या पगारातून बांधलं होतं आणि तिथून त्यांना हलवणं म्हणजे काय होईल ते त्या पाठमोऱ्या मानेवरून मला दिसत होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

मी म्हटलं, “अक्का, ते खालून बोलावतील आणि आम्हाला वर कळेल, एवढी सोय मी करते.”

“आणि एकदा जरी चुकली तर?”

“तर न्या.”

नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी घरच पणाला लावलं होतं. थोडंफार तसंच होतं म्हणा.

मी इलेक्ट्रॉनिक सिटीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची, याचा मला पगार मिळतो. नवरा म्हणतो, घरी हेच काम ही फुकट करते. तेव्हा एक बेल बसवणं ही माझ्या दृष्टीनं चिल्लर गोष्ट होती. मोबाइलचा विचार आधीच बाद झाला होता. अण्णांच्या डाव्या बोटाला काचेचा पडदा दाद देत नसे आणि फोन उशीखाली जाऊन मरून पडत असे. मग मी बाजारातून बिनतारी बेल आणली. बटण त्यांच्या उशाशी, बेल वर आमच्या खोलीत. आमच्या घराच्या भिंती दगडी, हातभर जाड, आणि मध्ये स्लॅब. खालून दाबलं तर वर बेल वाजायची नाही, आणि शेजारच्यांच्या दारात दूधवाला आला की मात्र न चुकता वाजायची. दोन-तीनदा मी जिन्यावरून धावत खाली गेले तर अण्णा शांतपणे पेपर वाचत होते. वायफायचीही तीच गत. जिन्याच्या वळणावर त्याचा जीव जायचा.

नवी तार ओढायची तर दगड फोडायला हवा. अण्णा जड जिभेनं म्हणाले, “भिंत बेडा.” बेडा म्हणजे नको. मी पुण्याची, यांचं घराणं मात्र तीनेकशे वर्षांपासून इकडचं. लग्न होऊन आले तेव्हा यांच्या मराठीतले कन्नड शब्द ऐकून मला हसू यायचं, आता मीच भाजीवाल्याशी “स्वल्प कमी करा” म्हणते. तर भिंत बेडा. मग मला आठवलं, की भिंतीत तार आधीच आहे की! दिव्यांची, पंख्यांची. त्याच विजेच्या तारेतून बारीकसा संदेश पाठवणारी उपकरणं मिळतात. खाली प्लगमध्ये एक डबी खोचायची, वर दुसरी. खालचं बटण दाबलं, की संदेश विजेबरोबर भिंतीतून वर जातो आणि बेल वाजते, दिवा लागतो. दिवा हवाच होता, कारण नवरा वर घरूनच काम करतो आणि एकदा कानाला हेडफोन लावले की शेजारी बँड वाजला तरी त्याला पत्ता नसतो.

आमच्या इलेक्ट्रिशियनला हे सांगितलं तर त्यानं मान हलवली. “आगल्ल, मॅडम.” होणार नाही. हा त्याचा आवडता शब्द; नळ गळतोय म्हटलं तरी तो आधी हेच म्हणतो आणि मग कामाला लागतो. मी डब्या मागवल्या आणि खोचल्या. बेल वाजली. मी टाळी वाजवली. नवऱ्यानं पुन्हा दाबायला सांगितलं. नाही वाजली. तिसऱ्यांदा वाजली, चौथ्या-पाचव्यांदा नाही.

तिथून माझा हट्ट सुरू झाला. अधूनमधून वाजणारी बेल ही न वाजणाऱ्या बेलपेक्षा वाईट, कारण माणूस तिच्यावर विसंबतो. ऑफिसात आम्ही असल्या दोषांना फार घाबरतो. जे नेहमी बिघडतं ते सापडतं, जे कधीकधी बिघडतं ते छळतं.

पहिलं कारण फ्यूजच्या पेटीशीच सापडलं. आमच्या घरात तीन फेज येतात, म्हणजे रस्त्यावरून विजेच्या तीन वेगळ्या तारा. खालचा मजला एकीवर, वरचा दुसरीवर, मोटर आणि गीझर तिसरीवर. खालून निघालेला संदेश वरच्या तारेत पोचायला मार्गच नव्हता. जो काही पोचत होता तो एका तारेतून दुसरीत चुकून सांडलेला. मी इलेक्ट्रिशियनला म्हटलं, वरच्या खोलीची लाइन खालच्याच फेजवर घ्या. “आगल्ल,” म्हणून त्यानं ती घेतली. बेल वाजायला लागली आणि दिवसभर वाजत राहिली. संध्याकाळी पुन्हा मुकी झाली.

संध्याकाळीच का? ऑफिसातून येताना बसच्या खिडकीशी बसून मी तेवढाच विचार करत असे. उड्डाणपुलावरून बस चालली असायची, दोन्ही बाजूंच्या इमारतींत दिवे लागत असायचे, आणि मला वाटायचं, एवढ्या तारांत माझीच तार आडमुठी निघावी! घरी आल्यावर पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून मी घरातली एकेक वस्तू बंद करत सुटले. टीव्ही बंद, अण्णांनी बटण दाबायचं, चार्जर काढला, पुन्हा दाबायचं, फ्रिज, पुन्हा. मी वरून ओरडायची, “आता!” आणि खालून अण्णा ओरडू शकत नसल्यामुळे नवरा जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून दोन्हीकडचे निरोप पोचवायचा. तो म्हणाला, “बेलपेक्षा मलाच इथं पगारावर ठेव.”

चोर निघाला देव्हाऱ्यात. नवऱ्यानं रस्त्यावरून रंगीत दिव्यांची एक माळ आणली होती. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ती लागायची. तिचा स्वस्तातला अडॅप्टर तारेत इतका गोंगाट घालत होता, की बाजारात कुजबुजावं तसं माझ्या डबीचं बोलणं त्यात बुडून जायचं. माळ काढली. देवापुढे तेलाचं निरांजन होतंच, ते एकटं राहिलं. नवरा थोडा खट्टू झाला, पण बेल वाजली आणि वाजत राहिली. मी विजयी मुद्रेनं अक्काला फोन केला, “रविवारी या आणि स्वतः तपासा.”

रविवारी ती आली. आणि नेमकी त्याच दिवशी एक फेज गेली. बंगळुरात असं झालं की कुणी इलेक्ट्रिशियनला फोन करत नाही. जिन्याखाली जो फेज बदलायचा खटका असतो तो फिरवायचा, आपली लाइन दुसऱ्या फेजवर घ्यायची आणि चहा प्यायला बसायचं. इथली लहान मुलंसुद्धा हे करतात. नवऱ्याच्या कॉम्प्युटरचा पंखा थांबला, तो उठला, खाली जाऊन वरच्या मजल्याचा खटका फिरवला, पुन्हा वर जाऊन बसला. त्याच्या हाताला ते इतकं सवयीचं, की हे आपण केलं हेही त्याच्या लक्षात नव्हतं. खालचा मजला मात्र मेलेल्या फेजवरच राहिला. अक्कानं अण्णांच्या हातावर हात ठेवून बटण दाबलं. वर काहीही झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत विजय नव्हता, पाणी होतं. ते मला जास्त लागलं.

“पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते,” ती म्हणाली.

“अक्का, गणपतीपर्यंत थांबा.”

“कशाला?”

“खटक्यामुळे झालं, म्हणजे कारण सापडलंय. आणि कारण सापडलं की मी ते सोडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.”

तिला ते चांगलंच माहीत होतं. लग्नानंतरची माझ्या स्वयंपाकाची पहिली लढाई तिच्याशीच झाली होती. तिनं नाक ओढलं आणि “सरी,” म्हणजे ठीक आहे, म्हणाली. “गणपतीपर्यंत.”

त्या रात्री मी नवऱ्याशी बोलले नाही, आणि दुसऱ्या दिवशी बोलले ते इलेक्ट्रिशियनशी. घरात अशी एकच लाइन होती, जी फेज गेली तरी आणि वीज गेली तरी खाली-वर अखंड राहते: यूपीएसची. वीज गेल्यावर प्रत्येक खोलीतला एक दिवा आणि एक पंखा ज्याच्यावर चालतो ती. दोन्ही डब्या त्या लाइनवर घ्यायच्या. जुन्या यूपीएसची वीज बॅटरीवर आली की इतकी वेडीवाकडी असायची की तिच्यावर संदेश टिकत नव्हता. तो बदलून चांगल्या प्रतीचा आणला. “आगल्ल” या वेळी आलंच नाही. इलेक्ट्रिशियन मेन स्विच बंद करून स्वतः बटण दाबून बघत होता, आणि अंधारात वर बेल वाजली तेव्हा माझ्याआधी तोच हसला.

मग मी जे जे सुचेल ते सगळं करून पाहिलं. मिक्सर चालू, गीझर चालू, मोटर चालू, तिन्ही एकदम. फेजचे खटके उलटसुलट फिरवले. वीज घालवली, आणली, पुन्हा घालवली. बेल चुकली नाही. मी सांगितलं की अण्णा डाव्या अंगठ्यानं बटण दाबायचे, थांबा म्हटलं की थांबायचे. मला वाटलं, जिंकले.

आणि एका पहाटे अण्णा पडले.

धप्प असा आवाज ऐकून मी जिन्यावरून कशी आले मला आठवत नाही. ते पलंग आणि बाथरूमच्या दाराच्या मध्ये बसले होते, कोपर खरचटलेलं, चेहरा ओशाळलेला. हाड शाबूत होतं. नवऱ्यानं त्यांना उचलून पलंगावर बसवलं. मी पहिलं काय केलं असेल तर उशाशी हात घालून ते बटण दाबलं. वर बेल वाजली, खणखणीत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “अण्णा, बटण हाताशी होतं. का नाही दाबलंत?”

“तुम्ही झोपलेली असता.”

“त्याच्यासाठीच तर आहे ते!”

शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो. मग म्हणाले, “कारखान्यात बेल साहेबाच्या टेबलावर असायची. ती दाबली की शिपाई धावायचा. मी कधी कुणाला बेल वाजवून बोलावलं नाही गं. तू काय शिपाई आहेस?”

मी स्वयंपाकघरात गेले आणि कॉफीचं दूध तापत ठेवून रडले. इतके दिवस मी तार तपासली, फेज तपासली, देवाची माळसुद्धा सोडली नाही, आणि बटण दाबणाऱ्या माणसाला काय वाटतं ते विचारलंच नाही. चाचणी घेताना ते दाबायचे, कारण ते माझं काम होतं. स्वतःच्या गरजेसाठी दाबायचं म्हणजे मला धावायला लावायचं. आणि ते त्यांच्याकडून मरेपर्यंत होणार नव्हतं. तसे ते मरतीलही, हे मला त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा खरं वाटलं.

अक्काला मीच फोन करून सांगितलं. लपवणं माझ्या स्वभावात नाही. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, “म्हणजे तुझी बेल चालते, आणि तरी ते पडतात.” मग म्हणाली, “गौरी-गणपतीला येते, आणि विसर्जन झालं की घेऊन जाते.” पण हार मी मानली नव्हती.

त्या दिवशी मी रजा टाकली आणि अण्णांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. “तुम्ही कारखान्यात टेस्टिंगला होतात ना? लाइन पास कशी करायचात?”

त्यांचे डोळे जरा उजळले. एक माणूस या टोकाला, एक त्या टोकाला. हा रिंग देणार, तो उचलणार, मग तो रिंग देणार आणि हा उचलणार. एकाच बाजूनं वाजली तर लाइन पास होत नाही. “दोन्ही टोकं बोलली पाहिजेत,” असं ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी अजिबात न अडखळता म्हटलं.

“मग आपली ही लाइन तुम्ही पास कशी केलीत?” मी विचारलं. “मी तर फक्त एकाच बाजूनं वाजवून घेते.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू हसले, अर्ध्या चेहऱ्यानं, कारण उरलेला अर्धा अजून ऐकत नाही.

मी आणखी दोन डब्या आणल्या. वर आमच्या पलंगाशी एक बटण, खाली त्यांच्या उशाशी बेल आणि बारका दिवा. नियम ठरला आणि तो त्यांनीच ठरवला. सकाळी मी उठले की आधी मी एक रिंग देणार. ते एक रिंग देऊन उत्तर देतील. रात्री झोपताना आधी ते देतील, मी उत्तर देईन. एक रिंग म्हणजे लाइन ठीक. दोन रिंग म्हणजे ये. आणि दोन रिंग कुठल्याही टोकानं दिल्या तरी दुसऱ्यानं उत्तर द्यायचंच.

हे शेवटचं कलम तेवढं मी मुद्दाम घातलं होतं आणि मीच आधी वापरलं. कामाला निघताना छत्री सापडेना, मी वरून दोन रिंग दिल्या. खालून लगेच एक आली. खाली उतरले तर अण्णा डाव्या हातानं दाराकडे बोट दाखवत होते, छत्री दारामागे. दुसऱ्या दिवशी गॅसवाला आला का ते विचारायला दोन. मग उगाचच दोन, आणि खाली जाऊन म्हटलं, “काही नाही, लाइन बघत होते.” ते म्हणाले, “टाइमपास करू नको. लाइन बिझी राहते.” मी त्यांना कितीतरी वेळा कामाला लावलं. नवऱ्याला वाटलं, मला वेड लागलंय. पण सकाळच्या रिंगला उत्तर यायला कधी जरा वेळ लागला, तर मी जिन्यावर पोचायच्या आत ते यायचंच, आणि मी अर्ध्या वाटेवरून परत फिरायची. फक्त त्यांच्या बाजूनं दोन रिंग मात्र कधी आल्या नाहीत. मी रोज वाट बघत होते.

गौरी-गणपतीला अक्का आली. पाहुण्यांनी खालचा हॉल भरला होता, म्हणून ती वर आमच्याच खोलीत झोपली, बेलच्या बाजूला. येतानाच तिनं नवऱ्याला बजावलं होतं, “विसर्जनाला गाडी सांगून ठेव.” त्यानं माझ्याकडे बघितलं. मी अक्काची पिशवी उचलून वर ठेवायला गेले.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, नुकतं कुठं उजाडत होतं. बेल वाजली. एकदा. मी डोळे उघडले. मला वाटलं आज तेच आधी उठले. मग पुन्हा वाजली.

दोन.

मी उठायच्या आत अक्का उठून बसली होती. “काय झालं?”

“अण्णा बोलावतायत.”

तिला कळेना. “अण्णा? स्वतःहून?” आणि तशीच, केस मोकळे, अनवाणी, ती माझ्याआधी जिना उतरली. मी मागोमाग गेले, पण खोलीच्या दाराशी थांबले. अण्णा पलंगाच्या काठावर पाय सोडून बसले होते. उभे राहिले नव्हते. लेकीला बघून ते दचकले.

“तू आलीस? मी हिला बोलावलं होतं. बाथरूमला जायचंय.” मग डावा हात पुढे करून म्हणाले, “सरी. तूच धर.”

तिनं धरलं. दोघं हळूहळू त्या दारापर्यंत गेले आणि परत आले. तिनं त्यांच्या अंगावर चादर घातली, बटण त्यांच्या डाव्या हाताजवळ नीट सरकवलं, आणि स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मी कॉफीचं डिकॉक्शन काढत होते.

“आई होती तेव्हा तिच्याकडेसुद्धा त्यांनी कधी पाण्याचा पेला मागितला नाही,” ती म्हणाली. “स्वतः उठून घ्यायचे.”

मी तिच्या हातात कॉफीचा पेला दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, प्यायली मात्र नाही.

“माझ्याकडे नेलं असतं ना,” ती म्हणाली, “तर त्यांनी मला उठवलं नसतं गं.”